कोळंबीच्या सालपटांची करामत

घरातला औषधांचा डबा एकदा उघडून बघा बरं! मुलाच्या घसादुखीतल्या दोन कॅप्सूल, सासूबाईंच्या पायाच्या जखमेच्या वेळच्या तीन गोळ्या... "बरं वाटलं, म्हणून थांबवल्या. असू देत, पुढं उपयोगी पडतील!" आपल्यापैकी कितीतरी जणी असं म्हणतात. काटकसर हा गृहिणीचा गुण खरा, पण ही काटकसर फार महागात पडते.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात एका नवरा-बायकोची काल्पनिक गोष्ट सांगितली होती. नवऱ्याचा घसा दुखतो. तो मनानंच थोडंसं पेनिसिलिन घेतो. जंतू मरत तर नाहीतच, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन लागूच पडत नाही. बिचारी दगावते. दोष कुणाचा, तुम्हीच सांगा!

गोष्ट काल्पनिक होती, पण ती खरी ठरली. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आता यावर शोधल्या जाणाऱ्या उपायांपैकी एक आपल्या स्वयंपाकघराशेजारचा आहे. कोळंबी सोलून आपण सालपटं फेकतो ना? त्यांत कायटिन नावाचा पदार्थ असतो. (शाकाहारी मैत्रिणींनो, नाक मुरडू नका. १८११ साली तो प्रथम सापडला तो अळंबीत!) सालपटांतला चुना आम्लानं आणि प्रथिनं अल्कलीनं काढली, की कायटिन उरतं. ते तीव्र अल्कलीत तापवलं, की कायटोसान तयार होतं.

या कायटोसानची गंमत अशी, की सौम्य आम्लात त्याच्यावर धन विद्युतभार येतो. जंतूंच्या अंगावर ऋण भार असतो. त्यामुळं ते जंतूला जाऊन चिकटतं आणि त्याचं आवरण फाडायला मदत करतं. त्याच्या द्रावणात औषध घालून एक विशिष्ट फॉस्फेट मिसळलं, की औषध पोटात घेतलेले बारीक कण बनतात. किती बारीक? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण अशा काही शेकडा नॅनोमीटरचे! सारणाच्या करंजीसारखे ते जखमेपर्यंत जातात आणि औषध हळूहळू सोडतात. जंतू चिकट थर करून दडून बसतात, तिथंही औषध पोचवावं, असा प्रयत्न आहे.

रक्त थांबवणाऱ्या कायटोसानच्या पट्ट्या वापरात आल्या आहेत. औषध भरलेले कण मात्र अजून बहुतेक प्रयोगशाळेतच आहेत. तेव्हा सालपटं वाटून जखमेवर लावायचा उद्योग कुणी करू नका! आणि कोळंबीची ॲलर्जी असेल, तर पट्टी बांधण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा.

तोवर आपल्या हाती काय आहे?

* गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
* सांगितलेले डोस चुकवू नका, मनानं मध्येच थांबवू नका.
* साध्या सर्दीवर अँटिबायोटिक मागू नका. सर्दी विषाणूंची, तिथं ते चालत नाही.
* उरलेली गोळी शेजारणीला देऊ नका, प्रेमानंसुद्धा!

नवं औषध येईल तेव्हा येईल. आज घरात आहे, त्याची धार बोथट होऊ न देणं आपल्याच हाती आहे, नाही का?