मुठीचे लाकूड

चाकू किंवा खुरपे घेताना आपण पाते पाहतो, धार चाचपतो. मुठीकडे फारसे कोणी पाहत नाही. परंतु दिवसभर हाताला लागते ती मूठच. परभणी जिल्ह्यात कापूस-सोयाबीनच्या खुरपणीला बसणाऱ्या बायकांना हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांचे तळहातच सांगतात.

मूठ कशाची असावी हे कामावरून ठरते. कुऱ्हाडीला दणका सोसणारे चिवट लाकूड हवे. धावडा त्यासाठी नावाजलेला, पण तो डोंगररानातला. गोदावरी-पूर्णेच्या काळ्या रानात बांधावर मिळते ती बाभूळ. बैलगाडी आणि औतांसाठी सुतारांनी तीच वापरली. तिचा तांबूस गाभाच घ्यावा. बाहेरचे पांढरट लाकूड भुंगे पोखरतात. सागवान हवेतील बदलाने कमी फुगते-आकसते, मात्र दणक्याला बाभळीइतके टिकत नाही. खिशातल्या घडीच्या चाकूचे गणित उलटे आहे. तेथे दणका नाही, पण पातळ पट्ट्या वाकल्या की पाते अडकते. म्हणून सागवान किंवा शिसव बरे. सांबरशिंगाच्या मुठींचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. लोखंडी नळी मोडत नाही, पण उन्हात तापते. प्लॅस्टिक फुगत नाही, पण घामाने निसटते.

लाकडाची खरी परीक्षा आपली हवा घेते. उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट. लाकूड आडवे फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाही. ओल्या लाकडाची मूठ बसवली तर वाळताना ती पात्याच्या टोकाभोवती तडकते. कुऱ्हाडीचा ओला दांडा वाळून भोकात सैल होतो. सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवली की सकाळी घट्ट होते, परंतु फुगताना लोखंडाशी दबलेले लाकूड वाळल्यावर आधीपेक्षा सैल पडते. त्यापेक्षा पाचर मारावी आणि मुठीला करडईचे किंवा जवसाचे तेल चोळावे. ही तेले हवेत सुकून पातळ थर धरतात. शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही.

बलुतेदारीत सुतार गावातच होता. मूठ सैल झाली तर तो वापरणाऱ्याचा हात पाहून नवी घडवी. आज बाजारातले तयार खुरपे एकाच जाडीचे मिळते. लहान हाताच्या बाईला ते अधिक आवळून धरावे लागते, आणि संध्याकाळी मनगट दुखते. बांधावरची बाभूळ तोडली तर तिचे चार तुकडे सावलीत वाळत ठेवावेत. पुढच्या खुरपणीआधी मूठ घडवताना ती ज्या हातात जायची आहे, तो हात आधी पाहावा.