महासंगणकाचा वारस की धाकटा भाऊ?

मृग नक्षत्र लागले की चांदूर रेल्वेच्या शिवारात एकच प्रश्न घोळू लागतो : पहिल्या सरीवर सोयाबीन पेरावे, की आणखी चार दिवस थांबावे? निर्णय चुकला तर बियाणे मातीत जाते आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते. या निर्णयाला आधार देणारे गणित आज पुण्यात होते. तेथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्का’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या गणिती क्रिया. मे २०२५ मध्ये सुरू झालेली नवी अंदाजपद्धती याच यंत्राच्या बळावर सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून पावसाचा हिशेब मांडते. अशा वेळी क्वांटम संगणक येणार आणि महासंगणक भंगारात जाणार, असे जे बोलले जाते, ते पारखून घेणे अगत्याचे आहे.

महासंगणकाशी वऱ्हाडचे नाते जुने आहे. चांदूरहून रेल्वेने पश्चिमेस निघून बडनेरा मागे टाकले की पुढे मूर्तिजापूर लागते. त्याच तालुक्यातील मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचे जन्मगाव होय. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक देताना हात आखडता घेतला. दिला तो हवामानाच्या कामापुरता आणि अटी घालून. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, भटकर तिचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून काम वाटून द्यावयाचे, ही त्यामागील युक्ती. कचेरीतील मोठे काम दहा कारकुनांनी वाटून घ्यावे, तसाच हा प्रकार. आजचे महासंगणकही याच तत्त्वावर चालतात.

क्वांटम संगणकाचे कुळ मात्र निराळे आहे. साध्या संगणकातील ‘बिट’ शून्य असतो किंवा एक. ‘क्युबिट’ दोहोंच्या संमिश्र अवस्थेत राहू शकतो आणि अनेक क्युबिट परस्परांत गुंतविता येतात. यावरून हे यंत्र सर्व उत्तरे एकदम काढून देते, असा समज पसरला आहे. तो खरा नव्हे. मोजमाप करताच हाती एकच उत्तर लागते. पाण्यावरील लाटा एकमेकींत मिसळून कोठे उंचावतात, कोठे विरतात. त्याप्रमाणे चुकीची उत्तरे विरावीत आणि बरोबर उत्तराची शक्यता वाढावी, अशी गणिताची मांडणी करावी लागते. ही मांडणी मोजक्याच प्रश्नांत साधते.

दहा लाख किल्ल्यांतून कुलुपाची किल्ली शोधावयाची, तर साध्या संगणकाला सरासरी पाच लाख वेळा प्रयत्न करावा लागेल. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या क्वांटम रीतीने तेच काम हजाराच्या आत भागते. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची रीत दाखविली; बँकव्यवहारातील गुप्तलेखन बऱ्याच अंशी याच गणिताच्या अवघडपणावर विसंबून आहे. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये गुप्तलेखनाच्या नव्या पद्धती प्रमाणित केल्या. रेणूंच्या वर्तनाचा अभ्यास हे या यंत्राचे आणखी एक नैसर्गिक क्षेत्र. याउलट हवामानाच्या गणितात अफाट निरीक्षणे आत घालावी लागतात आणि अख्खा नकाशा बाहेर काढावा लागतो; ते काम महासंगणकाचेच.

प्रत्यक्षातील प्रगतीही सावधपणे पाहिली पाहिजे. २०१९ मध्ये गूगलच्या ५३ क्युबिटच्या यंत्राने एक गणित २०० सेकंदांत सोडविले. महासंगणकाला त्यासाठी दहा हजार वर्षे लागतील, असा दावा झाला. आयबीएमने लगेच अडीच दिवसांचा हिशेब मांडला आणि पुढे चिनी शास्त्रज्ञांनी साध्या प्रोसेसरांच्या समूहावर ते काही तासांत करून दाखविले. क्युबिट अतिशय नाजूक असतात. अतिवाहक प्रकारचे क्युबिट उणे २७३ अंशांच्या जवळ राखावे लागतात आणि तरीही ते चुकतात. क्युबिटांचे गट वाढविले असता चुका घटतात, हे गूगलच्या ‘विलो’ने डिसेंबर २०२४ मध्ये दाखविले, हे महत्त्वाचे पाऊल खरे, परंतु मुक्काम अद्याप दूर आहे.

मग भारताने थांबावे काय? एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्यातील संरक्षण प्रयोगशाळेच्या सहकार्याने, सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी झाली. सहा क्युबिटचे गणित घरचा संगणकही लीलया करील, हे खरे. पण ‘परम’ने शिकविलेला धडा वेगाचा नव्हता. जे यंत्र स्वतः घडविता येत नाही, त्यासाठी दुसऱ्याच्या अटी मानाव्या लागतात, हा तो धडा होता. म्हणून क्वांटमवरचा खर्च योग्यच आहे; मात्र त्यापायी महासंगणकाची तरतूद आखडली जाऊ नये. क्वांटम यंत्राचे फळ मिळावयास वर्षे लागतील. पेरणीचा प्रश्न मात्र दर जूनमध्ये उभा राहणार आहे.