विश्लेषण : आडनावात ‘कर’ असेल, तर मूळ गाव कळते का?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ मध्ये रामनवमीला येथे जन्मलेल्या नारायण सूर्याजीपंत ठोसर यांनी लहान वयातच गाव सोडले. मात्र ते ‘जांबकर’ झाले नाहीत. उलट गावच ‘जांब समर्थ’ झाले. एरवी महाराष्ट्रात याच्या उलट घडते. माणूस गाव सोडतो आणि गावाचे नाव त्याचे आडनाव होते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातील जुनी दफ्तरे उघडली गेली. अशा शोधात आडनावाचा आधार कितपत धरता येतो?

‘कर’ कोणाला लागते?

‘कर’ म्हणजे ‘तिथला’. पण जांबमध्येच राहणाऱ्याला जांबकर म्हणण्याचे कारण नसते, कारण तिथे सगळेच जांबचे. परगावी गेल्यावर ‘हा कुठला?’ असा प्रश्न येतो आणि उत्तराचे आडनाव होते. म्हणून अंबडकर, परतूरकर, पाथरीकर, पैठणकर ही आडनावे त्या-त्या गावाबाहेर अधिक अर्थपूर्ण ठरतात. पूर्वजांनी ते गाव कधीतरी सोडले, एवढे ती सांगतात.

त्याआधीचे आडनाव काय होते?

अनेक घराण्यांना आधीपासून कुळाचे, पदाचे किंवा व्यवसायाचे नाव होते. फलटणचे नाईक निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या मूळ गावावरून शाळेत ‘आंबडवेकर’ असे आडनाव लावले गेले आणि पुढे ते ‘आंबेडकर’ झाले. दीनानाथ मंगेशकर हे गोव्यातील मंगेशीच्या पुजारी घराण्यातले. ‘मंगेशकर’ हे नाव त्यांनी गावावरून आणि तिथल्या मंगेश या देवावरून घेतले.

एकाच कुळातल्या दोन घरांची आडनावे वेगळी का असतात, हे यावरून कळते. एक घर गावात राहिले, दुसरे बाहेर पडले, एवढाच कधी कधी फरक असतो. पुढे शाळा, फौज, कोर्टकचेरी आणि सरकारी नोकरीत ठरावीक आडनाव लागू लागले. त्या वेळी कागदावर जे लिहिले गेले, तेच पिढ्यान्‌पिढ्या चालले.

हे फक्त मराठीतच आहे का?

नाही. इंग्लंडमध्येही गावावरून पडलेली आडनावे भरपूर आहेत. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वॉशिंग्टनचे. बाराव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील वॉशिंग्टन हे गाव एका सरदाराकडे आले आणि त्याच्या घराण्याने तेच नाव धारण केले. सतराव्या शतकात या घराण्याची एक शाखा अमेरिकेत व्हर्जिनियाला गेली. तिच्यातच जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले आणि त्यांचे नाव अमेरिकेच्या राजधानीला मिळाले. आधी गावाचे नाव माणसाला, मग माणसाचे नाव गावाला. जांबच्या बाबतीत यातला दुसरा अर्धा भागच घडला.

मराठी गावांची नावे किती दूर गेली?

नीरा नदीकाठच्या होळ गावाचे नाव मल्हारराव होळकरांबरोबर माळव्यात गेले आणि इंदूरच्या राजघराण्याचे झाले. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाची गोष्ट त्याहून दूरची आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर अशी त्यांची आडनावे. १९४८ नंतर यातली बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि अलिबाग-पेणकडची गावे तिकडच्या दारावरच्या पाट्यांवर पोहोचली.

मग जांबला ‘समर्थ’ कशासाठी?

कारण जांब एकच नाही. नांदेडच्या मुखेड तालुक्यात जांब आहे, भंडाऱ्याच्या मोहाडी तालुक्यातही आहे. एकाच नावाच्या माणसांना वेगळे ओळखायला आडनाव लागते, तसेच गावांनाही. त्यासाठी कुठे बुद्रुक-खुर्द लागते, कुठे देवाचे नाव लागते, इथे संताचे लागले.

आडनावावरून गाव सिद्ध होते का?

नाही. इथेच अनेकांची गफलत होते. समजा एखाद्याचे आडनाव जांबकर आहे. त्याचे पूर्वज जांब नावाच्या गावातून निघाले असावेत, असे म्हणता येईल. पण कोणत्या जांबमधून, ते आडनाव सांगत नाही. एकाच गावातून वेगवेगळ्या जातींची, धर्मांची घरे बाहेर पडली आणि सगळ्यांना तेच आडनाव लागले, असेही होते. त्यामुळे आडनाव सारखे म्हणजे भाऊबंद, असे धरता येत नाही. जात प्रमाणपत्रासाठी तर रक्ताच्या नात्याची साखळी कागदोपत्री दाखवावी लागते.

त्यात जालना जिल्ह्याचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या जुन्या नोंदी उर्दूत आणि मोडीत सापडतात. बऱ्याच नोंदींत आडनाव नसतेच. असते ते नाव, बापाचे नाव आणि गाव. म्हणजे आजचे आडनाव घेऊन शोधायला गेलेल्याच्या हाती खरी नोंद असूनही ती निसटू शकते.

मूळ गाव शोधायचे असेल तर?

- आडनावापासून नव्हे, माहीत असलेल्या सर्वांत जुन्या पूर्वजापासून सुरुवात करा. त्याचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव लिहून काढा.
- गावाबरोबर तालुकाही नोंदवा. सारख्या नावांची गावे अनेक असतात.
- शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ नोंदवही, खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक तपासा.
- जुन्या आडनावाचा, कुलदैवताचा आणि भाऊबंदांच्या गावांचा घरातील वडीलधाऱ्यांकडून माग काढा.
- त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थपुरोहितांच्या वह्यांत गावाप्रमाणे वंशावळी असतात. त्याही पाहता येतात.

‘कर’ हा शोधाचा पहिला धागा आहे, शेवटचा पुरावा नव्हे. पूर्वजांनी कुठले तरी गाव सोडले, हे तो सांगतो. ते गाव नेमके कोणते, हे कागदच सांगू शकतात.