गोदावरी–प्राणहिता जलमार्ग प्रकल्प

गोदावरी–प्राणहिता जलमार्ग प्रकल्प ही मध्य भारतातील कापूस नदीमार्गे बंगालच्या उपसागरापर्यंत नेण्यासाठी ब्रिटिश राजवटीने आखलेली व पुढे सोडून दिलेली योजना होती. १८६१ ते १८७१ या काळात तिच्यावर काम झाले. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा हे गाव या मार्गावर होते.

पार्श्वभूमी

वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता नदी तयार होते आणि सिरोंचाजवळ, काळेश्वरच्या समोर, गोदावरीला मिळते. गोदावरीवरील धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन हे लोहमार्गापेक्षा जलमार्ग स्वस्त पडतो या मताचे होते. वऱ्हाड व नागपूर भागातील कापूस काकीनाडा किनाऱ्यावर पोहोचवावा, ही कल्पना १८५१ च्या सुमारास पुढे आली. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील प्रदेश इंग्रजांना दिला. त्यातून अप्पर गोदावरी जिल्हा निर्माण झाला व सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे बनले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर भारतीय कापसाची मागणी वाढली आणि योजनेला निकड आली.

खडकांचे अडथळे

या मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. समुद्रात खडकाची जागा दीपगृहाने दाखविता येते व जहाज वळसा घालून जाते. मुंबईत कुलाब्याच्या दक्षिणेस खडकाळ भागावर १८७५ मध्ये उभारलेले प्रॉंग्स दीपगृह याचे उदाहरण होय. या अडथळ्यांपाशी मात्र खडक नदीचे पात्रच अडवीत असल्याने नुसत्या इशाऱ्याचा उपयोग नव्हता. म्हणून अडथळ्याला वळसा घालणारे कालवे आणि नावा चढवण्या-उतरवण्यासाठी जलपाश, म्हणजे दारे असलेले कुंड, बांधण्याचे ठरले. जलपाशात नाव घेऊन दारे बंद करतात. पाण्याची पातळी वाढवून किंवा कमी करून ती पुढच्या टप्प्यावर सोडतात. कॅप्टन हेग यांच्याकडे या कामाची जबाबदारी होती. उन्हाळ्यात पाणी उथळ होत असल्याने वाहतूक मुख्यतः पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही महिन्यांतच शक्य होती.

शेवट व परिणाम

१८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली. मुंबई बंदराकडे जाणारा बारमाही मार्ग खुला झाल्याने हंगामी जलमार्गाचे महत्त्व घटले. खर्चही आवाक्याबाहेर गेला. सुमारे ७० लक्ष रुपये खर्च झाल्यावर १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हा मोडला. भद्राचलम व रेकापल्ली तालुके मद्रास इलाख्यात गेले आणि उरलेला भाग चांदा जिल्ह्यात सिरोंचा तहसील म्हणून सामील झाला. व्यापारी जलमार्गावरील ठाणे म्हणून वाढू लागलेले सिरोंचा त्यामुळे जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दूरचे सीमावर्ती गाव राहिले. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा स्थापन झाल्यावर ते त्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे ठिकाण झाले.