सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह आणि ताईचे फोटो

आजच्या भागाचं निमित्त माझी ताई. ती भाईंदरला राहते आणि तिच्या लग्नाचे सगळे फोटो एका जुन्या लॅपटॉपवर. बॅकअप घे म्हणून मी मागे लागायचो. ती म्हणायची, "अरे, घेतलाय ना! डी ड्राइव्हमध्ये पण टाकलेत." मीही मान डोलवायचो. गणपतीच्या आठवडाभर आधी लॅपटॉपमधून टक-टक आवाज यायला लागला, आणि सीसोबत डीही गेला.

घोळ 'ड्राइव्ह' या शब्दाचा. सी आणि डी ही विंडोजने दिलेली नावं. ताईच्या लॅपटॉपमध्ये डिस्क एकच होती, तिचे दोन भाग केलेले, म्हणजे पार्टिशन. वन रूम किचनमध्ये मधे पडदा लावला म्हणून दोन फ्लॅट होत नाहीत ना? स्लॅब गळायला लागला की दोन्हीकडे गळणार! बरं, नावं सीपासूनच का? ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, अक्षरं राहिली.

आता खरी वस्तू. ताईची होती एचडीडी, म्हणजे हार्ड डिस्क. आत तबकड्या गरगर फिरतात, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला 5400 वेळा, आणि त्यांच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर ठेवून हेड सरकतं. टक-टक आवाज बहुतेकदा त्या हेडचाच. तो ऐकला की लॅपटॉप लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. (आम्ही नेमकं तेच केलं.) 1956 मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कला अशा 50 तबकड्या होत्या, आणि मावायची फक्त 50 लाख अक्षरं!

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, नुसत्या फ्लॅश चिप. तुमच्या फोनमधलं स्टोरेज याच जातीचं. पण एसएसडीवरून डिलीट केलेलं परत मिळणं जास्त कठीण, कारण ट्रिम नावाची सोय रिकामी झालेली जागा मागच्या मागे साफ करून टाकते.

मग आम्ही गेलो लॅमिंग्टन रोडला. दुकानदाराने विचारलं, "साटा की एनव्हीएमई? अडीच इंची की एम डॉट टू?" ताई माझ्याकडे बघायला लागली.

तर एम डॉट टू हा नुसता आकार, च्युइंगगमच्या पट्टीएवढं कार्ड. साटा आणि एनव्हीएमई या बोलायच्या पद्धती. साटा सेकंदाला साधारण 550 एमबीला दमतं, एनव्हीएमई 3500 एमबी आणि त्याच्याही पुढे जातं. गंमत म्हणजे एम डॉट टू कार्ड दोन्हींपैकी काहीही असू शकतं. काही लॅपटॉपच्या स्लॉटला फक्त साटा कळतं. तिथे एनव्हीएमई कार्ड बसेलही, पण लॅपटॉपला दिसणार नाही. म्हणून जाताना लॅपटॉपचा मॉडेल नंबर घेऊन जा. ताईच्या लॅपटॉपला अडीच इंची साटाच लागत होती, तीच घेतली.

घरी आल्यावर ताई ओरडली, "1 टीबी सांगून 931 जीबी दिलं!" फसवलं नव्हतं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने.

आणि फोटो? रिकव्हरीवाल्याने अर्धे काढून दिले, हळदीचे सगळे गेले. आता एक एक्स्टर्नल डिस्क आईकडे मीरा रोडला असते. नव्या एसएसडीवर विंडोज टाकून झालं तेव्हा ताईचा पहिला प्रश्न, "यात डी करून देतोस का?"