घसरणारा क्लच

इंजिन आणि चाके यांना जोडणारा दुवा कायमचा पक्का करून भागत नाही. गाडी उभी असतानाही इंजिन फिरत राहावे लागते आणि गिअर बदलताना दोघांची क्षणभर फारकत व्हावी लागते. हे काम क्लच करतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चक्र असते. दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर लावलेली तबकडी, म्हणजे क्लच प्लेट, त्याला टेकलेली असते आणि प्रेशर प्लेट तिला पोलादी स्प्रिंगच्या बळावर मागून दाबून धरते. चालकाने पेडल दाबले की हा दाब सुटतो.

असा क्लच किती जोर पेलू शकतो, याचा हिशेब अवघड नाही. दाब ५,००० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि अस्तराची सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर धरली, तर दोन्ही पृष्ठभाग मिळून २७० न्यूटन-मीटर इतका पीळ, म्हणजे टॉर्क, वाहून नेला जातो. इंजिनाचा पीळ २०० असेल तर ही बेगमी पुरेशी वाटते. परंतु अस्तर तापून घर्षणांक ०.२ वर उतरला की क्षमता १८० होते आणि क्लच घसरू लागतो. घसरण्याने उष्णता वाढते आणि उष्णतेने पकड आणखी ढिली होते. एकदा सुरू झालेले हे चक्र चालकाने पाय आवरला नाही तर स्वतःहून थांबत नाही.

दिल्लीच्या परिसरातील वेगवान मोटारींच्या बाबतीत या गोष्टीला वेगळेच वळण लागते. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा ५.१२५ किलोमीटर लांबीचा शर्यतमार्ग २०११ साली सुरू झाला आणि २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री झाली. खासगी मोटारमालकांना आपली गाडी चालवून पाहता यावी म्हणूनही हा मार्ग वेळोवेळी खुला करण्यात आला आहे. तिसऱ्या वळणानंतर तेथे एक किलोमीटरहून अधिक लांबीचा सरळ पट्टा आहे. वळणातून बाहेर पडून चालक ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. इंजिनाचे फेरे एकदम चढतात, गाडी मात्र त्या प्रमाणात पुढे जात नाही, आणि जळक्या अस्तराचा उग्र वास येतो. मागून भरधाव येणाऱ्या गाडीच्या चालकाला याची कल्पना नसते. म्हणून अशा वेळी कडेला होऊन, हात किंवा दिवा दाखवून, पिटमध्ये परतणे हेच योग्य.

दोष येथे उघडकीस येतो; झीज मात्र बहुधा दुसरीकडे झालेली असते. शर्यतमार्गावर नीट चालविलेल्या गाडीचा क्लच गिअर बदलण्यापुरताच दाबला जातो. तीच गाडी तेथे पोहोचण्यासाठी आश्रम चौकातील रांगेतून अर्धवट दाबलेल्या क्लचवर इंच इंच सरकत आलेली असते. १,२०० किलोची गाडी सपाट रस्त्यावर सावकाश सुटली आणि ताशी १० किलोमीटरला पकड पूर्ण झाली, तर क्लचमध्ये सुमारे ५ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. शर्यतीच्या थाटात सुटून ताशी ३६ किलोमीटरपर्यंत क्लच घसरू दिला, तर ती ६० वर जाते, म्हणजे १० किलो लोखंड सुमारे १३ अंशांनी तापते. अशा दहा झेपा पाठोपाठ घेतल्या तर काय होईल, हे सांगावयास नको.

गिअरबॉक्स उतरविणे हेच या दुरुस्तीतील मोठे काम असल्यामुळे निदान आधी पक्के करावे. क्लचचे दोष दोन परस्परविरोधी प्रकारचे असतात: एकतर तो धरत नाही किंवा सोडत नाही. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरच्या सुमारास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे वेगाला सोडून एकटेच चढले तर क्लच धरत नाही. याउलट गिअर खरखर करीत पडत असेल, पेडल पोकळ लागत असेल, तर बहुधा दोष तेलाच्या नळीतील हवेचा किंवा उकळलेल्या तेलाचा असतो. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांना एकाच टाकीतून तेल मिळते आणि हे तेल हवेतील ओलावा शोषते. तेव्हा नवी प्लेट घालून हा दोष जाणार नाही. केबलचा क्लच असल्यास पेडलला थोडा मोकळा वाव आहे ना, हेही पाहावे. नसेल तर चांगली प्लेटही घसरते. आवाजालाही अर्थ असतो. पेडल दाबल्यावर येणारी घरघर रिलीज बेअरिंगची, आणि दाबताच थांबणारी बहुधा गिअरबॉक्सची.

गिअरबॉक्स उतरविताना त्याचे वजन जॅकवर पेलावे. ते दांड्यावर लोंबकळत राहिले तर प्लेटचा मध्यभाग वाकतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करीत काढावेत. आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या गाड्यांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. अस्तर रिव्हेटच्या माथ्यापर्यंत आले असेल तर झीज सिद्ध झाली. ते तेलाने माखलेले असेल, तर मात्र इंजिनाचे मागचे किंवा गिअरबॉक्सचे सील गळत आहे. ते तसेच ठेवून नवी प्लेट बसविणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर ते घासून घ्यावे किंवा बदलावे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच नवीन घालावीत. एका बेअरिंगच्या किमतीसाठी सगळी मजुरी पुन्हा भरणे शहाणपणाचे नाही.

काश्मिरी गेटच्या बाजारात सुटे भाग घेताना जुनी प्लेट बरोबर न्यावी आणि व्यास व मध्यभागीचे दाते जुळवून पाहावेत. शर्यतीसाठी म्हणून विकले जाणारे धातुमिश्रित अस्तराचे क्लच अधिक उष्णता सोसतात, पण झटका देऊन पकडतात, आणि त्यांच्या कडक स्प्रिंगमुळे पेडल जड होते. ज्या गाडीला शर्यतमार्गापर्यंत शहरातूनच जावयाचे आहे, तिला मूळ जातीचा चांगला क्लच पुष्कळदा अधिक मानवतो.

बसविताना प्लेटवरील खुणेप्रमाणे तिची बाजू लावावी आणि नमुन्याच्या दांड्याने ती मध्यावर आणावी. अन्यथा गिअरबॉक्स आत शिरणारच नाही. दात्यांना ग्रीस अगदी पुसट लावावे. बोल्ट पुन्हा क्रमाक्रमाने, निर्मात्याने दिलेल्या पिळाइतके आवळावेत. त्यानंतर काही शे किलोमीटर गाडी सौम्यपणे चालवावी, म्हणजे अस्तर आणि धातू एकमेकांशी सर्वत्र जुळतात; तोवर सरळ पट्ट्यावर पूर्ण जोर लावू नये.