वर्दी मिळाली!

मुलांनो, 'वर्दी' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत वर्दी म्हणजे पोलिसांचे किंवा सैनिकांचे ठरावीक कपडे. मराठीत त्यांना आपण 'गणवेश' म्हणतो. पण मराठी वर्तमानपत्रात एखाद्या दिवशी तुम्ही वाचाल, "वर्दी मिळताच अग्निशमन दलाचे जवान धावून गेले." तेव्हा गोंधळू नका. कपडे मिळेपर्यंत जवान थांबले होते, असा त्याचा अर्थ नाही! इथे वर्दी म्हणजे खबर. कुठेतरी आग लागली आहे, अशी खबर दलाला कोणीतरी दिली आणि मगच गाडी निघाली. दलाचे सगळे काम या वर्दीपासून सुरू होते. आणि ती देणारा माणूस दलातला नसतो. तो तुमच्याआमच्यासारखा, गल्लीतला असतो.

मुंबईच्या अग्निशमन दलाचे मुख्यालय भायखळ्याला आहे. नागपाडा, मदनपुरा या भागांत राहणाऱ्या मुलांनी तिथल्या लाल गाड्या येताजाता पाहिल्या असतील. जुनी माणसे या गाडीला 'बंब' म्हणतात. गंमत अशी, की आंघोळीचे पाणी तापवण्याच्या तांब्याच्या भांड्यालाही मराठीत बंबच म्हणतात. एका बंबाच्या पोटात विस्तव असतो, तर दुसरा विस्तव विझवायला धावतो.

अग्निशमन केंद्रात गेलात, तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. सगळ्या गाड्यांची तोंडे रस्त्याकडे असतात. गाडी मागे-पुढे करण्यात वेळ जाऊ नये, म्हणून ही काळजी. जवानांचे बूट, जाड कोट आणि शिरस्त्राणे हाताशी ठेवलेली असतात. वर्दी आली, की घंटा वाजते. कोणी जेवत असेल, तर ताट तसेच राहते. मिनिटभरात गाडी बाहेर पडली पाहिजे, अशी त्यांची शिस्त असते. आता या दलात स्त्रियाही काम करतात.

गाडीत पाण्याची टाकी, पंप, लांब नळ्या, शिडी, दोरखंड, कुऱ्हाड असे बरेच सामान असते. जवानांच्या पाठीवर एक नळकांडे बांधलेले तुम्ही पाहिले असेल. त्यात ऑक्सिजन असतो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. त्यात दाबून भरलेली साधी हवा असते. ऑक्सिजनमुळे आग अधिकच भडकेल. मग तो आगीत घेऊन कोण जाईल? ही हवा साधारण अर्धा तास पुरते. तेवढ्या वेळात आत जायचे, माणूस शोधायचा आणि त्याला घेऊन परत यायचे. धुरात स्वतःचा हातही दिसत नाही. जवान भिंतीला हात लावून, गुडघ्यांवर रांगत पुढे सरकतात. धूर आणि गरम हवा वर चढते, म्हणून जमिनीजवळ श्वास घेणे थोडे सोपे असते. तुम्ही कधी धुरात सापडलात, तर तुम्हीही खाली वाकून किंवा रांगतच बाहेर पडा.

आग पेटत राहायला तीन गोष्टी लागतात: जळणारी वस्तू, हवा आणि उष्णता. यांतली एक काढून घेतली, की आग विझते. पाणी उष्णता शोषून घेते. त्याची वाफ होते, तेव्हा ती पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा व्यापते आणि आगीभोवतीची हवा दूर सारते. लाकूड, कापूस, कागद यांच्या आगीवर म्हणूनच पाणी मारतात. पण कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर त्यावर पाणी टाकू नका. पाणी तेलापेक्षा जड असते. ते तळाशी जाते, त्याची एकदम वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडते. अशा वेळी शेगडी बंद करून कढईवर झाकण ठेवावे. हवा तुटली, की आग विझते. विजेच्या आगीवरही पाणी मारू नये, कारण पाण्यातून विजेचा धक्का बसतो.

आता तुम्हांला वाटेल, हे जवान फक्त आगीच विझवतात. तसे नाही. पावसाळ्यात जुनी इमारत कोसळली, तर ढिगाऱ्याखालच्या माणसांना तेच काढतात. लिफ्टमध्ये कोणी अडकले, रस्त्यावर झाड पडले, समुद्रात कोणी बुडू लागले, तरी वर्दी त्यांनाच जाते. पतंगाच्या मांज्यात अडकलेला कावळा किंवा घार सोडवायलाही ते शिडी लावतात. पक्ष्यासाठी एवढी मोठी गाडी कशाला, असे कोणी म्हणेल. मला तर हे काम फार आवडते.

पण वर्दी उशिरा मिळाली तर काय होते? यासाठी 1944 सालच्या मुंबईची हकिकत तुम्हांला सांगितली पाहिजे. दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटक पदार्थही होते. 14 एप्रिलच्या दुपारी साडेबाराच्या सुमारास आसपासच्या काही लोकांना जहाजातून थोडा धूर येताना दिसला होता. पण कोणी आरडाओरडा करत नाही, म्हणजे काळजीचे कारण नसेल, असे प्रत्येकाला वाटले. आग ध्यानात आली, तेव्हा दोन वाजत आले होते. कापूस आतल्या आत धुमसत होता.

दलाचे जवान आले. त्यांनी जहाजात 900 टनांहून अधिक पाणी सोडले. दाट धुरामुळे आग नेमकी कुठे आहे, ते कळेना. जहाजाचे लोखंड इतके तापले, की आतले पाणी उकळू लागले. 3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडून जाण्याचा हुकूम झाला. त्यानंतर अवघ्या 16 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. दूरवरच्या शिमल्यापर्यंत धरणीकंप मोजण्याच्या यंत्रावर त्याची नोंद झाली. गोदी आणि आसपासची वस्ती जळाली. शेकडो माणसे मेली. ही आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले.

त्या दिवशी अग्निशमन दलाचे 66 जण कामावर असताना मरण पावले. त्यांच्या आठवणीसाठी दर वर्षी 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या दिवसापासून 20 एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह असतो. कामावर असताना प्राण देणाऱ्यांना मराठीत 'हुतात्मा' म्हणतात. तुमचा 'शहीद' हा शब्दही मराठीत तितकाच चालतो.

ही केवळ जुन्या काळची गोष्ट नाही. 2015 सालच्या मे महिन्यात मुंबईतल्या काळबादेवी भागात एका जुन्या इमारतीला आग लागली. आग विझवत असताना इमारत कोसळली. या दुर्घटनेत दलाचे चार वरिष्ठ अधिकारी दगावले. दलाचे प्रमुखही त्यांत होते. मोठा अधिकारी लांब उभा राहून हुकूम सोडतो, अशी या दलाची रीत नाही.

काळबादेवी, भेंडी बाजार, मदनपुरा अशा भागांतल्या गल्ल्या तुम्हांला ठाऊक आहेत. दोन्ही बाजूंना हातगाड्या, स्कूटर, दुकानांचे पुढे आलेले सामान. तिथून पायी चालणेही कठीण, मग बंब कसा जाणार? जवान नळी खांद्यावर घेऊन धावतात, पण त्यात मिनिटे जातात. कित्येक इमारतींच्या जिन्यात जुनी कपाटे, सायकली आणि रिकामे डबे रचलेले असतात. आपल्याला रोज पाहून त्यांची सवय होते. धुरात जिना उतरणाऱ्या माणसाला ती सवय उपयोगी पडत नाही.

वर्दी द्यायची वेळ आलीच, तर 101 हा क्रमांक फिरवा. 112 वर फोन केला तरी चालतो. गॅसचा वास येत असेल, तर विजेच्या बटणाला हात लावू नका. खिडक्या उघडून घराबाहेर पडा आणि मग फोन करा. पलीकडचा माणूस विचारील, "कुठे? काय पेटले आहे? कोणी आत अडकले आहे का?" नुसते "लवकर या!" म्हणून फोन ठेवू नका. गल्लीचे नाव, इमारतीचे नाव, मजला आणि जवळची एखादी ठळक खूण सांगा: मशीद, शाळा, दवाखाना, जे असेल ते. आपला फोन नंबर द्या. पलीकडच्या माणसाने "ठेवा" म्हटल्यावरच फोन ठेवा. मग कोणीतरी एकाने गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे, म्हणजे बंब आल्यावर वळायचे कुठे, ते हात करून दाखवता येईल.